गाडीतला रस्त्याचा आवाज: डॅम्पिंग शीट चिकटवण्याआधी

गोवा-महाराष्ट्र सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून कुडाळच्या दिशेने निघालं की झारापपर्यंत चाकाखाली डांबर असतं. तिथून पुढे काँक्रीट सुरू होतं. गाडी तीच, वेग तोच, काचा बंद, तरी झाराप मागे पडलं की मागच्या सीटवरून "काय म्हणालास?" असं दोनदा ऐकू येतं. गोव्यातून कणकवली-मालवणकडे येजा असणाऱ्या प्रत्येकाच्या कानांत हा फरक बसलेला आहे. इंजिन बदललेलं नसतं, वारा बदललेला नसतो. बदलतो तो टायरखालचा पृष्ठभाग. म्हणून त्या जागी जो जास्तीचा आवाज गाडीत शिरतो तो अस्सल रस्त्याचा आवाज. आपली गाडी तो किती आत घेते हे तपासायला याहून सोपी जागा नाही, आणि तपासणी फुकट.

काँक्रीट एवढं का गरजतं? पावसात टायर घसरू नये म्हणून त्याच्या पाठीवर बारीक आडवे चरे काढलेले असतात. टायरच्या नक्षीतले रबरी ठोकळे त्या चऱ्यांवर सारखे आपटत जातात आणि त्यातून सूंऽऽ असा एकसुरी आवाज निघतो. शिवाय काँक्रीटमध्ये साधारण दर साडेचार मीटरवर सांधा असतो. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ पाच सांधे, आणि प्रत्येक सांधा आधी पुढच्या चाकांना, मग मागच्या चाकांना.

हा आवाज कमी करायचा म्हणून म्हापशाला, फोंड्याला किंवा मडगावला ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलात की सल्ला ठरलेला असतो: "चारही दारं डॅम्पिंग करून घ्या, गाडी एकदम सायलेंट." दारं केली जातात, म्हणजे पत्र्याची थरथर शोषणारी चिकट शीट दारांच्या आतून लावली जाते. दार लावताना 'धप्प' असा भरदार आवाज येऊ लागतो, स्पीकरचा बेस सुधारतो, मालक खूश होतो. आणि पुढच्या खेपेला झाराप ओलांडलं की आवाज होता तिथेच. दुकानदाराने फसवलेलं नसतं, शीटही चांगली असते. पण आपली तक्रार एका आवाजाची आणि केलेला इलाज दुसऱ्याचा. कुठला आवाज कुठल्या वाटेने येतो हे एकदा नीट समजलं की पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळतं.

आवाजाच्या दोन वाटा

टायरचा आवाज आत यायला दोन वाटा आहेत, आणि त्या दोघींचे इलाज एकमेकींना लागू पडत नाहीत.

पहिली वाट हवेची. टायरचे ठोकळे रस्त्यावर आपटतात. ठोकळ्यांमधल्या खाचांत सापडलेली हवा दाबली जाते आणि सुटताना फुस्सकन बाहेर पडते. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये जी पाचरीच्या आकाराची फट असते ती या आवाजाला आणखी मोठं करून बाहेर फेकते. हा आवाज 800 ते 1000 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, आसपास सगळ्यात जोरात असतो (आकडा लहान तितका सूर खालचा). चाकावरच्या कमानीतून, दाराच्या बीडिंगमधून (दाराभोवतीची रबरी पट्टी), काचेतून, फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) वायरसाठी पाडलेल्या भोकांतून तो आत शिरतो. पावसात याला पाण्याच्या 'श्शऽऽ' आवाजाची जोड मिळते. टायरने उडवलेलं पाणी कमानीवर आदळतं तो हा आवाज, आणि गोव्यात वर्षाचे चार महिने तो आपल्या सोबतीला असतो.

दुसरी वाट लोखंडाची. टायरची थरथर रिममध्ये, रिममधून हबमध्ये (चाक जिथे बसतं तो मधला भाग), तिथून सस्पेन्शनच्या आर्ममध्ये, आर्मच्या बुशमधून (रबरी सांधा) बॉडीत आणि बॉडीतून फ्लोअरच्या आणि छताच्या पत्र्यात जाते. पत्रा थरथरला की आतली हवा हलते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. ढोबळमानाने 500 हर्ट्झच्या खालचा आवाज मुख्यतः याच वाटेने येतो. कानाला तो सूं किंवा श्श असा येत नाही. तो छातीत आणि कानशिलात घुमतो. लांबच्या प्रवासात डोकं जड होतं ते बहुतेक याच्यामुळे.

या घुमण्यात एक खास सूर आहे. टायरच्या आतली हवा ही एक गोल नळीच असते, आणि त्या नळीला स्वतःचा सूर असतो. 185/65 आर 15 हा आपल्याकडे अनेक गाड्यांना लागणारा टायर घ्या. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे 62 सेंटिमीटर, रिमचा 38. म्हणजे मधल्या हवेच्या कड्याचा सरासरी व्यास 50 सेंटिमीटर आणि घेर साधारण 1.57 मीटर. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला 343 मीटर. भागाकार केला की 218 हर्ट्झ येतात. खडबडीत रस्त्यावर किंवा पुलाच्या सांध्यावर गाडी गेली की 'बँऽव' असा जो पोकळ आवाज क्षणभर येतो, तो हा. हवा कमी-जास्त करून तो सूर हलत नाही, कारण दाब बदलला तरी आवाजाचा हवेतला वेग बदलत नाही. काही महागड्या टायरांमध्ये, विशेषतः इलेक्ट्रिक गाड्यांच्या, आतून फोमचा पट्टा चिकटवलेला असतो तो नेमका याच सुरासाठी. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाची घरघर नसते, त्यामुळे तिच्या आड लपणारे टायरचे सगळे आवाज उघडे पडतात. नवी इलेक्ट्रिक गाडी घेतलेले लोक "पेट्रोलपेक्षा हिच्यात रस्त्याचा आवाज जास्त" अशी तक्रार करतात, ती यातूनच.

वाऱ्याचा आवाज हा तिसरा भिडू. तो वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो. ताशी शंभरच्या पुढे तो टायरला मागे टाकू लागतो. पण गोव्यातल्या गोव्यात आपण त्या वेगाने किती वेळ चालवतो? ताशी 50 ते 80 मध्ये आपला शत्रू टायरच.

डेसिबलचा हिशोब

डेसिबल साध्या बेरजेने मिळत नाहीत. 68 डेसिबलचे दोन आवाज एकत्र आले तर 136 होत नाहीत, 71 होतात. हाच हिशोब उलटा लावा. समजा गाडीत टायरचा आवाज 68, वाऱ्याचा 66 आणि इंजिनाचा 62 आहे. तिघांचा मिळून साधारण 70.7 होतो. आता जादू करून वारा पूर्ण बंद केला तरी आकडा 69 च्या आसपास उतरतो. एक आख्खा आवाज नाहीसा झाला आणि मीटरवर पावणेदोन डेसिबलचा फरक! म्हणून एकाच ठिकाणी कितीही खर्च केला तरी काही काळाने फायदा थांबतो. उरलेले आवाज तिथेच असतात. आणि कानाला आवाज 'अर्धा झाला' असं वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावे लागतात. घरच्या घरी केलेल्या कामातून ते क्वचितच साधतं. तीन-चार उतरले तरी मागच्या सीटशी नीट बोलता येतं, आणि खरं तर आपल्याला तेवढंच हवं असतं.

फोनमधल्या ॲपवर मोजणाऱ्यांसाठी एक सूचना. ही ॲपं बहुधा 'डीबीए' दाखवतात. त्यात माणसाचा कान मंद आवाजात खालच्या सुरांना जसा कमी दाद देतो तशी वजावट केलेली असते: 200 हर्ट्झला सुमारे 11 डेसिबल, 100 हर्ट्झला 19, 50 हर्ट्झला तब्बल 30. म्हणजे डोकं उठवणारी जी घुमघुम आहे ती या आकड्यात जवळजवळ दिसतच नाही. काम करून घेतल्यावर ॲपवर एकच डेसिबलचा फरक दिसला आणि गाडी मात्र कितीतरी शांत वाटली, तर दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. ॲपमध्ये 'सी' असा पर्याय असेल, ज्यात खालच्या सुरांची वजावट फारच कमी असते, तर त्यावरही एकदा मोजा. शिवाय फोनचा माइक ठरलेल्या मापाला लावलेला नसतो. आधी आणि नंतर, तोच फोन, तोच रस्ता, तोच वेग आणि एसीचा पंखा बंद, एवढीच तुलना त्यावरून करावी.

शीट नेमकं काय करते

चवथीला आरत्यांना बसणाऱ्या माणसाला डॅम्पिंग वेगळं शिकवावं लागत नाही. घुमट या मातीच्या वाद्याच्या चामड्यावर थाप मारली की तो घुमतो. त्याच चामड्यावर दुसऱ्या हाताची बोटं टेकवून थाप मारा, नुसता 'टप्प' होतो. थापेचा जोर तोच. बोटांनी चामड्याचं थरथरणं खाल्लं. दाराच्या किंवा फ्लोअरच्या पत्र्यावर बुटाइलची शीट हेच करते.

तिची रचना साधी आहे: सुमारे दोन मिलिमीटर जाडीचं चिकट बुटाइल रबर आणि वर ॲल्युमिनियमची फॉइल. पत्रा थरथरताना वाकतो. फॉइल ताणली जायला तयार नसते. दोघांच्या ओढाताणीत मधलं रबर सारखं कातरलं जातं आणि कंपनाची ताकद उष्णता होऊन त्यातच जिरते. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, फॉइल जाड आणि ताठ हवी. पातळ चुरचुरीत फॉइलची शीट रबर कितीही जाड असलं तरी कमी काम करते. दुसरी, शीट पत्र्याला इंचन्‌इंच चिकटली पाहिजे. म्हणून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसायचा आणि मग लोखंडी रोलर फॉइलवरचे उठाव सपाट होईपर्यंत फिरवायचा. शीटखाली हवेचे फुगे राहिले तर तेवढ्या जागी शीट असून नसल्यासारखी.

पत्रा पूर्ण मढवायची गरज नसते, आणि ही गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. मोठ्या सपाट पत्र्याचा मधला पाव भाग झाकला तरी बराचसा फायदा मिळतो. पुढच्या प्रत्येक शीटचा फायदा घटत जातो आणि वजन मात्र तेवढंच वाढतं. कुठे लावायची ते बोटांनी ठोकून कळतं. 'टण्ण' आलं तिथे लावा. 'थप्प' आलं तिथे पत्रा आधीच वळ्या मारून ताठ केलेला असतो, किंवा कंपनीने तिथे डांबरी थर भट्टीत भाजून बसवलेला असतो. त्यावर पुन्हा शीट लावून फारसं काही साधत नाही.

आता मूळ मुद्दा. ही शीट लोखंडाच्या वाटेने येणाऱ्या, खालच्या सुराच्या आवाजावर चालते. हवेच्या वाटेने येणाऱ्या सूंऽऽ आणि श्शऽऽ यांना ती जेमतेम अडवते, आणि तेही केवळ तिच्या वजनामुळे. त्या आवाजासाठी लागतात तीन वेगळ्या गोष्टी: फटी बुजवणं, वजनाचा पडदा आणि आवाज शोषणारा मऊ थर.

फटीचं महत्त्व बहुतेकांना पटत नाही, म्हणून आकडा देतो. एखादी भिंत 30 डेसिबल अडवते आणि तिच्यात क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का उघडी फट आहे असं धरा. ती भिंत आता 20 च्या आसपासच अडवेल. उरलेले 99 टक्के कितीही भक्कम केले तरी फट आहे तोवर यात फरक पडत नाही. म्हणून जुन्या गाडीत शीटच्या आधी बीडिंग बदलणं हा सगळ्यात स्वस्त आणि अनेकदा सगळ्यात गुणकारी इलाज ठरतो. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढून बघा. सहज सटकली तर तिथे रबर मेलेलं आहे. दाराच्या कडांच्या फटींवर रंगारी वापरतात ती मास्किंग टेप बाहेरून चिकटवा आणि एक फेरी मारा. आवाज उतरला तर दोष सापडला.

पडद्याचा हिशोब वजनाचा आहे. चौरस मीटरमागे वजन दुप्पट झालं की त्यातून पार होणारा आवाज जास्तीत जास्त सहा डेसिबलने उतरतो. गाडीचा 0.7 मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला साडेपाच किलो भरतो. चार मिलिमीटरची काच भरते दहा किलो! पत्र्यापेक्षा काच जड, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. दार मात्र दुहेरी असतं, दोन पत्र्यांमध्ये हवा आणि वर पॅड (दाराचं आतलं आवरण), म्हणून एकूण हिशोबात काच हीच दाराची कच्ची बाजू राहते. दारात कितीही थर घातले तरी काचेतून येणारा आवाज येतच राहतो. फ्लोअरवर मात्र पडद्याचा उपयोग होतो. त्यासाठी वजनदार व्हिनाइलची शीट मिळते, चौरस मीटरला सुमारे पाच किलोची. ती थेट पत्र्यावर चिकटवायची नसते. खाली बंद छिद्रांचा फोम, त्यावर ती सैल अंथरायची, म्हणजे पत्र्याची थरथर तिच्यात जात नाही.

आणि फोम. दारात, डिकीत, जिथे जागा मिळेल तिथे दहा मिलिमीटरचा फोम चिकटवून देतात. आवाज शोषायला थराची जाडी आवाजाच्या तरंगलांबीच्या निदान दहाव्या हिश्शाएवढी लागते. दहा मिलिमीटरला हे गणित 3000 हर्ट्झच्या वर कुठेतरी जमतं. 218 हर्ट्झच्या त्या 'बँऽव'ची तरंगलांबी दीड मीटर आहे. त्याला हा फोम दिसतही नाही. जाड फेल्ट, जुन्या कापसाच्या चिंध्यांची गादी किंवा पॉलिएस्टरचा भरगच्च थर डिकीच्या बाजूच्या पोकळीत दोन-तीन इंच बसवला तर मधल्या सुरांवर खरा फरक पडतो. मात्र चिंध्यांची गादी उंदरांनाही आवडते. आंब्या-फणसाखाली गाडी लावणाऱ्यांनी बॉनेटजवळ ती वापरू नये. सकाळी तिचं घरटं इंजिनवर सापडतं आणि सोबत कुरतडलेली वायर.

पाऊस आणि खारं वारं

पुण्या-बंगळुरूच्या लोकांनी केलेलं काम गोव्यात जसंच्या तसं चालत नाही, आणि त्याचं कारण पाणी. गोव्यात किनाऱ्यावर वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातलं बरंच पाणी आपल्या गाडीच्या दारांच्या आत जातं. हे बिघाडामुळे होत नाही, दाराची रचनाच तशी आहे. काचेबाहेरचं रबर पाणी पूर्ण अडवत नाही. पाणी काचेवरून आत उतरतं, बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूने ओघळतं आणि दाराच्या तळाला ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडतं. जुलैत कुठल्याही गाडीचं दार उघडून त्याचं पॅड काढा: तळाच्या कोपऱ्यात ओला तांबडा गाळ दिसेल, आणि आतल्या पत्र्यावर चिकटवलेला पातळ प्लास्टिकचा पडदा दिसेल. तो पडदा हे पाणी पॅडपर्यंत आणि तिथून फ्लोअरमॅटपर्यंत येऊ देत नाही. घाईचा फिटर नेमका तोच फाडतो आणि टेपने कसाबसा परत लावतो. मग गाडीत आठवडाभर ओल्या पोत्याचा वास येतो आणि मालक एसीवाल्याकडे चकरा मारतो.

म्हणून दारात उघड्या छिद्रांचा, पाणी पिणारा फोम अजिबात नको. बुटाइल चालतं, ते पाणी पीत नाही. पण शीट तळाच्या भोकांवर यायला नको, तिची खालची कड दोन बोटं वरच थांबली पाहिजे. पडदा काढलाच तर तो बुटाइलच्या दोरीने सगळीकडून परत चिकटवायचा. काही जण आतल्या पत्र्याची मोठी भोकं शीटने पूर्ण बंद करून पडद्याचं कामही शीटकडूनच करून घेतात. आवाजाच्या दृष्टीने हे चांगलं. मात्र काही गाड्यांत बाजूची धडक ओळखायला दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. दाराची पोकळी बंद-उघडी करण्यात फेरफार झाला तर त्याच्या मोजमापावर परिणाम होऊ शकतो. आपल्या गाडीत तो आहे का हे सर्व्हिस सेंटरला विचारून घ्यावं, आणि असेल तर दाराच्या भोकांची मूळ मांडणी बदलू नये.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. शीटखाली ओल अडकली तर खारं वारं तिथे गंज धरवतं आणि तो बाहेर दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. काम शक्यतो फेब्रुवारी ते मेमध्ये करा. पत्रा कोरडा असतो आणि उन्हाने बुटाइल मऊ असल्यामुळे ते कडांना नीट बसतं.

उन्हाचाच दुसरा प्रश्न म्हणजे डांबरी शीट. हार्डवेअरच्या दुकानात गच्चीची गळती बंद करायला फॉइलची टेप मिळते. दिसायला ती डॅम्पिंग शीटसारखीच, भावाने पुष्कळ स्वस्त. मिरामारला भर दुपारी उभी केलेली गाडी आतून किती तापते ते सांगायला नको. त्या तापमानाला ही डांबरी टेप घरंगळते, वास मारते आणि छतावर लावली असेल तर हळूहळू सुटून अस्तरावर पडते. ओळखायची खूण नाक. रोल उघडल्यावर नवीन रस्त्याचा वास आला तर परत ठेवा.

छताचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. छत केल्याने रस्त्याच्या आवाजात फार फरक पडेल असं समजू नका, पण मुसळधार पावसात पत्र्यावरचा ताशा थांबवायला त्याइतकं गुणकारी दुसरं काही नाही. मधल्या भागात मोजक्या शीट पुरतात. कडेच्या पट्टीत मात्र हात घालू नये. तिथे पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग घडी करून ठेवलेल्या असतात.

मग सुरुवात कुठून?

माझ्या मते टायरपासून. टायरच्या भिंतीवर चार आकडी शिक्का असतो: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. रबर जुनं झालं की कडक होतं आणि कडक रबर जास्त गरजतं. ठोकळ्यांवरून हात फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचत असेल तर तो टायर कुठल्याही शीटला दाद देणार नाही. पंपावर पोरगा विचारल्याशिवाय 40 पीएसआय हवा भरतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर हवेच्या दाबाचा कंपनीचा आकडा छापलेला असतो, थंड टायरला तोच ठेवा. हौसेने मोठी अलॉय आणि रुंद, पातळ टायर घातले असतील, किंवा जीपला चिखलाचे खडबडीत टायर असतील, तर ती किंमत कानांनी मोजावी लागते. नवे टायर घेताना शांतपणाबद्दल चौकशी जरूर करा. भारतात टायरच्या आवाजाला मर्यादा घालणारं एआयएस 142 हे मानक आहे, पण त्यात आवाज मोजतात तो रस्त्याकडेला, गाडीच्या बाहेर. आत काय ऐकू येईल त्याचा फक्त अंदाज त्यावरून येतो.

टायर ठीक असूनही एकाच चाकातून घूंऽऽ येत असेल तर रिकाम्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे वळवून बघा. एका बाजूला आवाज वाढतो आणि दुसरीकडे कमी होतो? तो बहुधा व्हील बेअरिंग, आणि त्यावर शीट चिकटवणं म्हणजे पैसे पाण्यात आणि शिवाय धोका. लोखंडाची वाट जिथून बॉडीत शिरते ते सस्पेन्शनचे बुश फाटले असतील तर तेही आधी बदला.

त्यानंतर मागच्या चाकांच्या कमानी. हॅचबॅकमध्ये आणि सात सीटच्या गाड्यांमध्ये डिकी आणि प्रवासी यांच्यामध्ये भिंत नसते. तिसऱ्या रांगेत मुलं बसतात तिथे त्यांच्या कोपराला कमान लागते. कमानीवर शीट आणि त्यावर जाड फेल्ट, स्पेअर चाकाच्या खळग्यात शीट, आणि कमानीला बाहेरून, चाकाच्या बाजूने, प्लास्टिकचा लायनर (अस्तर) नसेल तर तो बसवून घेणं, या तीन कामांत झाराप-कुडाळचा जेवढा आवाज उतरेल तेवढा चार दारांत उतरत नाही. कमानीत फवारून मिळणारं रबरी कोटिंग खड्यांची टणटण थांबवतं, घुमणं थांबवत नाही. तेही स्वच्छ आणि कोरड्या पत्र्यावरच मारलं तर, नाहीतर आतून गंज.

मग फ्लोअर. हे काम मोठं. सीट काढाव्या लागतात, सीटखाली एअरबॅगच्या पिवळ्या प्लगच्या वायरी असतात, आणि बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नये. अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. वजनाचाही विचार करा. आठ-दहा चौरस मीटर बुटाइल म्हणजे 25 ते 30 किलो, त्यात व्हिनाइलचा पडदा आला की एक सडपातळ माणूस कायमचा गाडीत बसवल्यासारखं. छोट्या इंजिनाला चोर्ल्याच्या घाटात ते जाणवतं. मी सहसा फ्लोअरला पाव-तृतीयांश शीट आणि वर फेल्ट एवढ्यावर थांबायला सांगतो. दारं शेवटी, आणि तीही स्पीकरची हौस असेल तर.

दुकानात काम देताना दोन गोष्टी बोलून ठेवा. पॅड काढताना प्लास्टिकच्या क्लिप तुटतातच, तेव्हा नव्या क्लिप आधी आणून ठेवायला सांगा. तुटकी क्लिप परत दाबून बसवली की आठवड्याने पॅड खडखडायला लागतं आणि शांत केलेल्या गाडीत ती खडखड दुप्पट डाचते. दुसरं, पॅड परत लावण्याआधी पाणी मागवा. काच बंद ठेवून बाहेरच्या रबरावर दोन-तीन तांबे ओता आणि दाराच्या खाली बघा. पाणी तळाच्या भोकांतून टपकलं पाहिजे आणि आतला पडदा कोरडा राहिला पाहिजे. तसं झालं नाही तर पैसे देण्याआधी, तिथेच उभं राहून दुरुस्त करून घ्या.